घराची बेगमी झाली, वाडीची कधी?



मे महिना म्हणजे आपल्याकडं बेगमीचा महिना. चटणी कांडून झाली, कुरडया-पापड वाळले, जळण पडवीत रचलं. भिंतींना झड्या बांधायच्या तेवढ्या राहिल्यात. पुढचे तीन-चार महिने बाजाराला जाता येईल न येईल, म्हणून आधीच भरून ठेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. या महिन्याचा पाठ बेगमीचाच आहे, फक्त एका घराऐवजी अख्ख्या वाडीच्या बेगमीचा. गटात मोठ्यानं वाचा. एका बैठकीत संपणार नाही, दोन लागतील.

आधी एक आकडा बघू. २३ जुलै २०२१ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिलिमीटर म्हटलं की डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून हिशेब करून सांगते. एक गुंठा सपाट जमीन धरा. तिच्यावर त्या एका दिवसात साधारण साठ हजार लिटर पाणी पडलं. म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर, एका गुंठ्यावर. माण-खटावच्या बहिणींकडं जवळपास वर्षभरात पडतो तेवढा पाऊस आपल्याकडं एका दिवसात झाला. आणि आपली जमीन सपाट कुठंय? सगळा उतार. जांभ्याची आणि मुरमाची माती, खाली काळा पाषाण. माती पाणी पिऊन जड झाली आणि पाषाणावरची पकड सुटली की घसरते. उतार तोडून रस्ता किंवा घराची जागा केली असेल तर आणखी लवकर.

त्या दोन दिवसांत आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. भातखाचरं दगडगोट्यांनी भरली. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या. घाटाखाली महाड तालुक्यातल्या तळिये गावात ऐंशीहून जास्त माणसं गेली.

सरकारी हिशेबात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. आपल्याकडं ६५ म्हणजे कपडे वाळत नाहीत, एवढंच! वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर बघणाऱ्या माणसाला पावसाची भीती उरत नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. "आमच्या आज्यापासनं पडतोय की" असं बैठकीत हमखास ऐकायला मिळतं. पडतोय खरं. पण आज्याच्या काळात डोंगर असा जागोजागी तोडलेला नव्हता, आणि एका दिवसात ५९४ तर त्यानंही बघितला नव्हता.

आता नीट विचार करा. रस्ता तुटला, लाईट गेली, मोबाईलला रेंज नाही. वाडीत कोण आहे? तुम्ही आहात. एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याला जवळची बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथं आहे. पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या आधीच पुढं आणून ठेवतात, तरी घाटच बंद असेल तर त्यांनाही वाट काढत, दरड उपसत यावं लागतं. त्यांच्याही आधी पोचतात ती आपल्याच भागातली पोरं. महाबळेश्वर ट्रेकर्स आणि सह्याद्री ट्रेकर्स ही नावं तुम्ही ऐकली असतील. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात शेकडो फूट खोल दरीत कोसळली. एकच जण वाचला, तो कसाबसा वर रस्त्यावर आला आणि त्यानं खबर दिली. त्या दरीत दोर लावून उतरणाऱ्यांत या दोन्ही गटांचे स्वयंसेवक होते. कुणाचा हॉटेलचा धंदा, कुणाचं दुकान, कुणी गाईड. पगार नाही. सीझन नसताना सराव करतात आणि फोन आला की हातातलं काम टाकून निघतात.

त्यांचं कौतुक आपण करतोच. पाठ म्हणून त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याकडं दोर आहे, शिकलेला हात आहे, आणि कुणी कुठं उभं राहायचं हे आधी ठरलेलं आहे. नुसत्या धाडसावर कुणी दरीत उतरत नाही. आणि एवढं सगळं असूनही एक गोष्ट त्यांच्याकडं नसते, ती आपल्याकडं असते. त्या वाडीत घरं किती, त्या रात्री कोणत्या घरात माणसं किती होती, कोण माहेरी गेलं होतं, कोण बाळंतीण आहे, अंथरुणाला खिळलेली आजी कोणत्या खोलीत झोपते. मातीचा ढीग झाल्यावर कुठं खणायचं, हे ही माहिती असल्याशिवाय कळत नाही.

माळीण आठवतंय? पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४. १५१ माणसं गेली. गाव गेल्याची खबर बाहेर कळली ती एका एसटीच्या ड्रायव्हरमुळं. नेहमीच्या फेरीला आला, तर गाव दिसेना. म्हणजे आतून सांगायला कुणी उरलंच नव्हतं, आणि रोज येणारं बाहेरचं एक माणूस होतं म्हणून कळलं. आपल्या वाडीशी रोज बोलणारं बाहेरचं माणूस कोण आहे? हा प्रश्न बैठकीत विचारा. काही वाड्यांत उत्तर मिळणार नाही.

एमएसडब्ल्यूला आम्हाला एक शब्द होता, रेझिलियन्स. त्याची व्याख्या पाठ करून मी परीक्षेत लिहिली होती, मार्कही मिळाले. इथं कामाला आल्यावर एका गटातल्या मावशी सहज म्हणाल्या, "पाऊस कुणाला चुकलाय बाई, पण तग धरता आला पाहिजे." तग! मला वाटतं हाच खरा मराठी शब्द. आणि एकट्या घराला तग धरता येत नाही. त्यासाठी आत सोबती लागतात आणि बाहेर भागीदार लागतात.

बायकांच्या गटानं हे करून दाखवलंय, तेही आपल्याच राज्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा उद्ध्वस्त झाला. पडलेली आणि तडकलेली घरं पुन्हा उभी करायचा मोठा सरकारी कार्यक्रम आला. पण कागद काय लागतो, पैसा कधी येतो, सिमेंट किती घालायचं, हे घरातल्या बाईला कुणी सांगेना. मग सरकारनं स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला बरोबर घेतलं आणि हजाराहून जास्त गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. त्यांनी घरोघर जाऊन माहिती दिली, बांधकाम नीट होतंय का यावर लक्ष ठेवलं, गावाची तक्रार ऑफिसात आणि ऑफिसचं उत्तर गावात पोचवलं. पुढं २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या याच बायका कच्छमध्ये तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. त्यात तुमच्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, चौथी-सातवी शिकलेल्या होत्या.

यातून मला एक दिसतं. सरकार, संस्था, बँक, ट्रेकर्स, सगळे भागीदार येतात, पण गावात शिरायला त्यांना दार लागतं. गट नसेल तर ते दार म्हणजे जो मोठ्यानं बोलतो तो. मग मदत त्याच्या आळीत उतरते. मोठ्या आपत्तीनंतर रस्त्यालगतच्या घरांना तीन-तीनदा किट आणि आतल्या वाडीला एकही नाही, हे पुष्कळ ठिकाणी दिसतं. जुन्या कपड्यांचे ढीग येतात, आणि बायकांना हवे ते पॅड, आतले कपडे, बाळाचं दूध, शुगर-बीपीच्या गोळ्या येत नाहीत. देणाऱ्याचा दोष नसतो. त्याला सांगितलं कुणी?

आता नदीच्या खालच्या अंगाला या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून जे पाणी पडतं, तीच कृष्णा पुढं सांगलीला जाते. आपल्याकडं ढगफुटीसारखा पाऊस झाला, कोयनेतून विसर्ग वाढला, की दोन-तीन दिवसांनी सांगलीच्या बहिणींच्या उंबऱ्याला पाणी लागतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बायका-मुलांसह अनेकजण बुडाले. बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली होती. नेणाऱ्यांच्या मनात मदतीशिवाय दुसरं काही नव्हतं, बसणाऱ्यांना घाई होती. माझं मत स्पष्ट आहे. मदत करायची इच्छा आणि मदत करायचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाण्यात-दरीत दुसरीच कामाला येते. तापोळ्याच्या बाजूच्या, कांदाटी खोऱ्यातल्या सख्यांनो, तुम्ही तर बाराही महिने लाँचनं ये-जा करता. किती माणसं बसायची आणि जॅकेट कुणाला मिळालं नाही, हे विचारायची सवय आत्ताच लावा. पुरात कुणी विचारत नाही.

एवढं वाचून "आता सगळं बायकांनीच करायचं का?" असं कुणी म्हणेल. म्हणायलाच पाहिजे. पाणी आम्ही भरायचं, स्ट्रॉबेरी आम्ही तोडायची, गट आम्ही चालवायचा आणि वर आपत्तीही आम्हीच सांभाळायची, हे बरोबर नाही. म्हणून वाडीची बेगमी करताना तरुण मंडळ, भजनी मंडळ, जीप चालवणारे, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई या सगळ्यांना कामं वाटून द्या. गटाकडं फक्त तेवढंच घ्या जे गटाला सगळ्यांत चांगलं येतं. नियमित बैठक, नोंद, पैशाचा चोख हिशेब आणि कोणाच्या घरात काय चाललंय याची माहिती. आपल्या दशसूत्रीत यातलं बहुतेक आहेच.

नोंदीपासून सुरुवात करा. दोनशे पानी वही घ्या, घरागणिक एक पान. माणसं किती, वयं, चालता न येणारं कोण, गरोदर कोण आणि कितवा महिना, रोजच्या गोळ्या कोणाला आणि कोणत्या, जनावरं किती, घराच्या वर उतार तुटलाय का, रात्री घर सोडायची वेळ आली तर हे घर कोणाकडं जाणार. शेवटचा रकाना महत्त्वाचा. "शाळेत जाऊ" असं सगळेच म्हणतात. शाळा उताराखाली आहे का, तिची किल्ली कोणाकडं असते, हे बघितलंय का? वहीची एक प्रत वाडीबाहेर ठेवा, खालच्या गावातल्या एखाद्या गटाकडं. त्या गटाशी ठरवून घ्या की जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी एक मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला नाही तर त्यांनी चौकशी करायची. माळीणचा ड्रायव्हर आठवा. असं जोडगाव प्रत्येक वाडीला असावं, आणि त्यांचीही वही आपल्याकडं असावी.

दरड येण्याआधी डोंगर बऱ्याचदा सांगतो. घराच्या वरच्या बाजूला जमिनीला भेग पडणं किंवा जुनी भेग रुंदावणं. झऱ्याचं निवळ पाणी अचानक गढूळ होणं, किंवा कधी नव्हता तिथं नवा झरा फुटणं. झाडं, लाईटचे खांब कलणं. कालपर्यंत नीट लागणारं दार आज अडकणं. धो-धो पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं तर आनंद मानू नका, वर कुठंतरी माती अडून पाणी तुंबलेलं असू शकतं. यातलं एकही दिसलं की घर सोडायचं, रात्र असली तरी. भांडीकुंडी गोळा करत बसायचं नाही. गुरं सोडून द्यायची, दाव्याला बांधून ठेवायची नाहीत. हा भाग पोरांनाही वाचून दाखवा. रानात तेच जास्त फिरतात, भेग आधी त्यांनाच दिसते.

पैशाचं बोलू. इथं वाद होतील, होऊ द्या, पण आत्ता होऊ द्या. तुमच्या ग्रामसंघाला व्हीआरएफ मिळाला असेल तर तो अशाच वेळेसाठी आहे. पण पाऊस कोसळत असताना बैठक घेऊन मंजुरी कोण देणार? म्हणून जूनच्या आधी ठराव करा की आपत्तीत अमुक रकमेपर्यंत दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीनं तातडीची मदत देता येईल आणि पुढच्या बैठकीत ती वाचून दाखवली जाईल. रक्कम तुम्ही ठरवा. दुसरा ठराव परतफेडीचा. ज्या सखीचं नुकसान झालंय तिच्या अंतर्गत कर्जाचे हप्ते किती महिने थांबवायचे? हे आधी ठरलं नाही तर नंतर जवळच्या बाईला सूट आणि लांबच्या बाईला दंड असं होतं, आणि गट फुटतात. पावसानं जे गेलं नाही ते भांडणानं जातं. बँकेच्या कर्जाचं म्हणाल तर नैसर्गिक आपत्तीत निकषात बसणाऱ्यांच्या कर्जाचं पुनर्गठन करावं असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत. पण आपोआप काही होत नाही, गटाच्या लेटरपॅडवर अर्ज द्यावा लागतो. बँक सखीला बरोबर न्या.

विम्याचं तर याच महिन्यात बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योतीचे ४३६ रुपये मेअखेरीला खात्यातून कापले जातात. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू सुरक्षा विम्यात अपघातातच धरला जातो. खात्यात तेवढे पैसे नसले तर विमा गपचूप बंद पडतो. वीस रुपयांपायी! पासबुकात एन्ट्री मारून आणा.

नुकसान झालंच तर साफसफाईच्या आधी फोटो काढा, तारीख दिसेल असे. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. त्यांच्याबरोबर गटाची एक बाई फिरली पाहिजे, म्हणजे बंद घर, विधवा बाईचं घर, टोकाची वाडी सुटत नाही. पीक विमा उतरवला असेल आणि त्यात हे नुकसान येत असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. रेंज नसेल तर रेंज असलेल्या जोडगावाकडं निरोप पोचवायचा, हेही आधी ठरवा. आधार, पासबुक, रेशनकार्ड, घराचा नमुना आठ, सातबारा यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून दाराजवळ टांगा.

भागीदारांना मात्र आत्ता, उन्हाळ्यात भेटायचं. पावसात पहिल्यांदा तोंड दाखवलं तर कोण ओळखणार? आणि हात हलवत जाऊ नका, काय द्याल आणि काय हवं हे ठरवून जा. तहसील कार्यालयाला आपल्या वहीची माहिती द्या, बदल्यात मंडळनिहाय पावसाचा आकडा आणि इशारा गटाच्या व्हॉट्सॲपवर मागा. ट्रेकर्सना वाडीत बोलवा, चहा पाजा, वाडीचा रस्ता आणि पाऊलवाट पायानं फिरवून दाखवा, आणि दोराच्या साध्या गाठी, जखमीला उचलायची पद्धत शिकवायला सांगा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना आहे, स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण देतात. आपल्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात विचारा आणि बायकांची नावं द्या. आरोग्य उपकेंद्राच्या नर्सताईंना गरोदर बायकांची यादी द्या. ज्यांचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरतात त्यांना आधीच खाली पाहुण्यांकडं किंवा दवाखान्याजवळ हलवायचं ठरवा. ग्रामपंचायतीकडं संरक्षक भिंत, गटारं, सोलर दिवा अशा मागण्या ग्रामसभेत लेखी द्या आणि आपल्या व्हीपीआरपीमध्येही घाला, म्हणजे गाव आराखड्यात येतील.

आणि नको ते नको म्हणायलाही शिका. किट घेऊन येणाऱ्या मंडळाला नम्रपणे सांगायचं, दादा, कपडे आहेत, आम्हाला ताडपत्री, टॉर्च आणि गोळ्या हव्यात, ही घरांची यादी. यादी बघितली की लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

बैठकीत काय करायचं ते लिहून घ्या. पहिल्या बैठकीत जमिनीवर रांगोळीनं वाडीचा नकाशा काढा. घरं, ओढा, तुटलेला उतार, झरे, शाळा, मंदिर, रेंज येते ती जागा. प्रत्येकीनं आपलं घर स्वतः दाखवायचं. म्हाताऱ्या आज्यांना बोलवा, पूर्वी कुठं माती आली होती ते त्यांना माहीत असतं. नकाशाचा फोटो काढून ठेवा. मग वहीची पानं वाटून घ्या, एकीकडं पाच घरांपेक्षा जास्त नकोत. दुसऱ्या बैठकीत वही पूर्ण करून दोन्ही ठराव लिहा आणि जोडगावाचं नाव ठरवा. ठरावाची प्रत आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटो प्रभाग संघाच्या जूनच्या सभेत घेऊन या, तिथं मी असेन.

हे नंबर घरातल्या भिंतीवर कोळशानं का होईना, लिहून ठेवा: ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.